चाक कुणाच्या हातात? शॅडोरनमधल्या गाड्या आणि ड्रोनच्या लढाईचे नियम लावताना

‘शॅडोरन’ हा टेबलाभोवती बसून फाशांवर खेळायचा रोल-प्लेइंग गेम. त्यात पायी मारामारी चालू असते तोवर आमचं टेबल शहाण्यासारखं वागतं. गाडी आली की कुरबुर सुरू होते, आणि ड्रोन आला की पुस्तकं उघडतात, मोबाइल निघतात, कुणीतरी चहा सांगायला उठतं आणि खेळातल्या तीन सेकंदांना पाऊण तास लागतो. नियम किचकट आहेत हे खरं. पण बहुतेक वेळा भांडण नियमाचं नसतंच. ती गाडी या क्षणाला कोण चालवतंय, याची दोघांच्या डोक्यात दोन वेगळी चित्रं असतात आणि दोघंही आपापल्या चित्राला बसणारं पान दाखवत असतात.

मी बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे. आठवडाभर व्हर्नियर आणि प्लग गेज, शनिवारी रात्री शहापूरला मित्राच्या छापखान्याच्या माडीवर जीएमगिरी (जीएम म्हणजे गोष्ट चालवणारा आणि निकाल देणारा). एक गडी निपाणीहून येतो, एक चिकोडीकडचा ऊसवाला आहे, टिळकवाडीतली एक फार्मसीची विद्यार्थिनी आहे, आणि एक कन्नड घरातला बँकवाला आहे, जो भांडायचं झालं की मात्र मराठीत भांडतो. खेळतो आम्ही ‘शॅडोरन’ची पाचवी आवृत्ती, २०१३ सालची. मूळ खेळाची गोष्ट २०७० च्या दशकातल्या सिएटलमध्ये घडते. आमची वंटमुरी घाटात, चोर्ल्यात आणि सांबऱ्याच्या विमानतळाभोवती घडते. नियम तेच, टोल नाका फक्त हिरेबागेवाडीचा.

नवख्यांसाठी एवढंच: सहा बाजूंचे फासे मूठभर टाकायचे, ५ किंवा ६ पडला की एक हिट. म्हणजे दर तीन फाशांमागे सरासरी एक हिट. किती फासे टाकायचे ते पात्राच्या गुणांच्या आणि स्किलच्या आकड्यांच्या बेरजेवरून ठरतं. मोजायच्या हिटना वरून एक लिमिट असतं. तीन फाशांना एक हिट हे डोक्यात पक्कं बसवा, कारण पुढचे सगळे अंदाज त्याच्यावर आहेत.

आधी चिठ्ठी, मग फासे

कुठल्याही गाडीच्या किंवा ड्रोनच्या पाळीला पहिला प्रश्न एकच विचारायचा: चाक कुणाच्या हातात? उत्तरं चारच आहेत.

माणूस स्वतः आत बसून हाताने चालवतोय. मग रिॲक्शन अधिक त्या गाडीचं पायलट स्किल, आणि लिमिट गाडीच्या हँडलिंगचं. गाडीवर बसवलेली बंदूक चालवली तर गनरी अधिक ॲजिलिटी.

माणूस बाहेर बसून रिमोटवर चालवतोय. शरीर जागं आहे, डोळ्यांसमोर पडदा आहे. पाळी त्याची स्वतःचीच, आणि ड्रोनची प्रत्येक हालचाल त्याच्याच ॲक्शनमधून वजा होते. गोळी झाडताना गनरी तीच, पण ॲजिलिटीच्या जागी लॉजिक येतं.

माणूस जम्प-इन झालाय. त्याचं शरीर खुर्चीत लोळागोळा पडलंय आणि गाडी हेच त्याचं अंग झालंय. इथे कंट्रोल रिगचं (डोक्यात बसवलेल्या जोडणीच्या यंत्राचं) रेटिंग फाशांतही वाढतं आणि लिमिटातही. पाळीच्या आकड्यासाठी डेटा प्रोसेसिंग अधिक इंट्यूशन, आणि वर कोल्ड-सिमला (सुरक्षित जोडणीला) ३ फासे, हॉट-सिमला (धोक्याच्या जोडणीला) ४.

आणि चौथं, कुणीच चालवत नाही. ड्रोन स्वतःच्या अकलेने चाललाय. ती अक्कल म्हणजे पायलट रेटिंग. नेम धरताना पायलट अधिक त्या बंदुकीचा टार्गेटिंग ऑटोसॉफ्ट (ड्रोनला कौशल्य देणारा प्रोग्राम), गाडी वळवताना पायलट अधिक मॅन्यूव्हरिंग ऑटोसॉफ्ट. माणसाचं कुठलंही स्किल इथे येत नाही. मालक कितीही हुशार असो.

आमच्या टेबलावर ड्रोन म्हणजे नट. लहान ड्रोनला एम ६, मोठ्याला एम १६, आणि व्हॅनसाठी एक बाद झालेलं बुशिंग आहे. प्रत्येकाखाली छापखान्यातल्या कापट कार्डाची रंगीत चिठ्ठी असते: पांढरी म्हणजे स्वतःच्या अकलेने, पिवळी रिमोट, लाल जम्प-इन, निळी हाताने. लाल चिठ्ठी प्रत्येक रिगरला (गाड्या आणि ड्रोन मेंदूने चालवणाऱ्या पात्राला) एकच मिळते, कारण एका वेळी एकाच यंत्रात शिरता येतं. रंग बदलायचा तर त्याची ॲक्शन आधी खर्च करायची. जम्प-इन व्हायला अख्खी कॉम्प्लेक्स ॲक्शन (म्हणजे त्या पाळीतली पूर्ण कृती) जाते, त्यामुळे “मी जाताजाता त्याच्यात शिरतो आणि गोळी घालतो” हे त्याच ॲक्शनमध्ये होत नाही. चिठ्ठी सरकवल्याशिवाय फासे उचलू द्यायचे नाहीत, एवढा एक दंडक पाळा. निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

उरलेल्या निम्म्यांतलं एक नमुन्यादाखल. आमचा रिगर निपाणीचा. त्याने स्टील लिंक्स नावाच्या ड्रोनमध्ये उडी घेतली होती, शेजारी डोबरमन हा त्याचा दुसरा ड्रोन पांढऱ्या चिठ्ठीवर उभा. पहारेकऱ्याने डोबरमनवर गोळी झाडली तशी याने स्वतःच्या रिॲक्शनचे फासे उचलले.

“ठेव ते खाली.”

“का? तो पण माझाच आहे की.”

“तुझाच आहे. पण त्याच्यात तू नाहीस.”

“मग रिमोटवर घेतो.”

“घे की. तुझी पाळी आल्यावर.”

फार्मसीवाली हसली, बँकवाल्याने पान शोधायला घेतलं, पण पानाची गरज नव्हती. चिठ्ठी पांढरी होती.

याचीच दुसरी बाजू जास्त महत्त्वाची, आणि ती बहुतेक जण विसरतात. रिगर व्हॅनच्या ड्रायव्हर सीटवर बसून ड्रोनमध्ये शिरला, तर व्हॅन कोण चालवतंय? पुस्तकाप्रमाणे चालवणाऱ्याने दर कॉम्बॅट टर्नला (खेळातल्या तीन सेकंदांना) किमान एक कॉम्प्लेक्स ॲक्शन गाडीवर घालावीच लागते, नाहीतर गाडी ताब्याबाहेर जाते. याचं अंग तर सीटवर लोळतंय. म्हणजे व्हॅनची चिठ्ठी निळ्याची पांढरी झाली, आणि जीएमसी बुलडॉग व्हॅनचं पायलट रेटिंग आहे १. सरळ रस्त्यावर चालून जाईल. चोर्ल्याच्या वळणावर त्या एका फाशाकडे सगळं टेबल श्वास रोखून बघत बसतं. अशा वेळी शेजारच्या सीटवरच्या गड्याने स्टिअरिंग धरायचं ठरवलं तर मी ते ताबडतोब मान्य करतो. त्याला गाडी चालवता येत नसेल तर अजून मजा.

ड्रोनला हुकूम

पांढऱ्या चिठ्ठीवरचा ड्रोन दिलेला हुकूम पाळतो, मालकाच्या मनातलं ओळखत नाही. इथे जीएमला दोन मोह होतात. एक, हुकुमाचा मुद्दाम उलटा अर्थ काढून गड्याची जिरवायची. दुसरा, ड्रोनला पगारी माणसासारखं सगळं समजतंय असं धरायचं. पहिल्याने गडी वैतागतात आणि दर हुकमाला वकिली मसुदा वाचायला लागतात. दुसऱ्याने रिगरला जम्प-इन होण्याचं कारणच उरत नाही.

मी हुकुमात तीन गोष्टी मागतो: कोणावर, कुठवर, आणि कधी थांबायचं. “या गेटमधून बंदूक घेऊन जो बाहेर येईल त्याच्यावर, गेटच्या आत न जाता, मी थांब म्हणेपर्यंत.” हे पुरतं. तिन्ही असतील तर ड्रोन फाशाविना तंतोतंत करतो. एखादी राहिली आणि त्या राहिलेल्या जागी प्रसंग आला, तरच मी पायलट रेटिंगचे फासे टाकतो. एक हिट आली तर ड्रोन समंजस अर्थ लावतो, नाही आली तर जागच्या जागी थांबून विचारतो. थांबून विचारतो, हे लक्षात घ्या. आपल्याच माणसावर गोळी घालत नाही. गड्याची एक ॲक्शन उत्तर देण्यात गेली, एवढी शिक्षा भरपूर झाली. हा नियम पुस्तकातला नाही, आमचा आहे.

एकाच जातीच्या तीन ड्रोनना एकच हुकूम द्यायचा असेल तर मी एकाच ॲक्शनमध्ये देऊ देतो. हुकूम वेगवेगळे असतील तर ॲक्शन वेगवेगळ्या.

आर्मरची मेख

पायी लढाई खेळून आलेला गडी इथे हमखास अडखळतो. माणसाला गोळी लागली की तो फासे टाकून मार कमी करतो, पण थोडंफार तरी लागण्याची धास्ती असतेच. गाडीचं तसं नाही. गोळीचा एकूण मार हा गाडीच्या उरलेल्या आर्मरपेक्षा कमी असेल तर ओरखडाही उठत नाही, फासे टाकायचेच नाहीत. शिवाय यंत्राला स्टन (बेशुद्ध करणारा मार) लागत नाही.

आकडे घेऊन बघू. एरीस प्रेडेटर पिस्तूल: मार ८, आर्मर भेदायची ताकद उणे १. स्टील लिंक्स ड्रोन: बॉडी ६, आर्मर १२. नेमात २ हिट जास्त पडल्या तर मार १०. आर्मर १२ मधून १ गेला, उरले ११. दहा हे अकरापेक्षा कमी. संपलं. गोळी टणकन् उडाली. हिट ३ जास्त पडल्या तर मार ११, उरलेलं आर्मर ११. आता तो कमी नाही, म्हणून गोळी घुसते. मग बॉडी ६ अधिक आर्मर ११, असे १७ फासे, सरासरी पाच-सहा हिट, आणि उरलेल्या माराचे पाच-सहा खाने भरतात.

आता त्याच पहारेकऱ्याच्या हातात एके-९७ द्या. मार १०, भेद उणे २. लिंक्सचं आर्मर उरलं १०. नुसती एक हिट जास्त पडली तरी मार ११. म्हणजे ज्या ड्रोनसमोर पिस्तूलवाले दगड मारल्यासारखे वाटत होते, त्याला रायफलवाला प्रत्येक अचूक गोळीत जखमी करतो. ड्रोनचे एकूण खाने ६ अधिक बॉडीच्या निम्मे, म्हणजे लिंक्सला ९. अशा दोन गोळ्या नीट बसल्या की लिंक्स भंगारात.

डोबरमन आणखी नाजूक. बॉडी ४, आर्मर ४, खाने ८. प्रेडेटरची एक हिट जास्त पडली तर मार ९, फासे ४ अधिक ३, म्हणजे ७, दोनेक हिट, सात खाने भरले. एका पिस्तुलाच्या गोळीने कुत्रं लंगडं. नवे रिगर स्वस्त म्हणून हे घेतात आणि पहिल्याच चकमकीत पाच हजार न्यूयेन (खेळातलं चलन) रस्त्यावर सांडलेले बघतात. त्याला आडोसा द्यायला शिकवा. पुढं धावायचं काम त्याचं नाही.

यातून जीएमने घ्यायचं ते असं, की पहारेकऱ्यांच्या हातात काय द्यायचं हे खेळाआधी ठरवा आणि कागदावर लिहून ठेवा. पिस्तूल दिलंत तर लिंक्सवाला एकटा सगळी लढाई खाऊन टाकेल आणि बाकीचे गडी मोबाइलमध्ये डोकं घालतील. सगळ्यांना रायफल दिलीत तर रिगरचे सहा महिन्यांचे पैसे एका रात्रीत जातील. आठ जणांत एखादी रायफल, आणि ती कुणाकडे आहे हे गड्यांना आधी दिसू द्या. मग ते आपोआप त्या माणसाभोवती डाव आखतात. लढाई रंगात आल्यावर मधेच “अरे, याच्याकडे पण रायफल आहे” असं म्हणू नका. लगेच ओळखू येतं.

गाडीत बसलेल्या माणसावर गोळी झाडायची तर झाडणाऱ्याने आधी सांगायचं, निशाणा गाडीवर की माणसावर. माणसावर असेल तर गाडीचं आर्मर त्याच्या स्वतःच्या आर्मरमध्ये मिळवायचं. फासे पडल्यावर निशाणा बदलू द्यायचा नाही. यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही, फक्त आधी विचारायची सवय हवी.

जम्प-इन असताना गाडीला लागलं की निम्मा मार रिगरच्या मेंदूवर येतो, आणि तो त्याला विलपॉवर अधिक फायरवॉलने झेलावा लागतो. हॉट-सिममध्ये तो खऱ्या जखमेचा, कोल्डमध्ये स्टनचा. यंत्र पूर्ण बाद झालं तर वरून डम्पशॉक (जोडणी तुटल्याचा झटका), ६ चा. लाल चिठ्ठीचा भाव तो हाच. त्यामुळे “कायम लालच ठेवतो” म्हणणाऱ्या गड्याशी वाद घालायला जाऊ नका. ठेवू द्या.

पाळ्या

पांढऱ्या चिठ्ठीच्या ड्रोनची पाळी: पायलटच्या दुप्पट अधिक ४ फासे. डोबरमनचं पायलट ३, म्हणजे ६ अधिक सरासरी १४, झाले २०. साध्या पहारेकऱ्याचं रिॲक्शन ३, इंट्यूशन ३, एक फासा. तो ७ ते १२ मध्ये राहणार. प्रत्येक फेरीनंतर १० वजा होतात, आणि शिल्लक असेल तोवर पाळी मिळते. म्हणजे एका टर्नमध्ये डोबरमन निदान एकदा, बहुधा दोनदा, आणि २१ किंवा वर गेला तर तीनदा हलतो. पहारेकरी एकदा. फार तर दोनदा.

हा वेग कागदावर भयंकर दिसतो. टेबलावर तो जीएमचाच जीव घेतो, कारण पाच ड्रोन म्हणजे एका टर्नला दहा-बारा हालचाली आणि तेवढ्या वेळा फासे. यासाठी मी एकाच जातीच्या आणि एकाच हुकमावरच्या ड्रोनची पाळी एकदाच काढतो. ते एकत्र हलतात. गोळ्या वेगवेगळ्या झाडतात. निपाणीकराने तक्रार केली होती की यात एकाचे फासे वाईट पडले तर सगळेच मागे राहतात. बरोबर आहे. त्याच्या विरुद्ध पार्टीच्या ड्रोननाही मी तोच नियम लावतो, मग तो गप्प बसला.

वेग, आणि साठचा आकडा

एक कॉम्बॅट टर्न म्हणजे तीन सेकंद. रस्त्यावरचा वेग टर्नमध्ये बदलायचा तर ताशी किलोमीटरला ५ ने गुणा आणि ६ ने भागा. ताशी ३० ने घाट चढणारा ट्रक टर्नला २५ मीटर जातो. ६० ला ५० मीटर, ९० ला ७५, १२० ला १००. ही पट्टी मी टेबलाच्या कडेला चिकटवून ठेवली आहे. ऊसवाल्याला ती पाठ झालीय.

धडकेच्या तक्त्यात मात्र एक खटका आहे. टर्नला ११ ते ५० मीटर वेगाला धडकेचा मार गाडीच्या बॉडीइतका. ५१ ते २०० मीटरला बॉडीच्या दुप्पट. आता ५० मीटर म्हणजे बरोबर ताशी ६०. बुलडॉग व्हॅनची बॉडी १६. ताशी ६० ने धडकली तर मार १६. ६२ ने धडकली तर ३२. धडक देणाऱ्यालाही निम्मा मार बसतो, म्हणजे ८ चे १६ होतात. दोन किलोमीटरवर एवढा फरक! हा तक्ता मला मुळीच आवडत नाही, पण तो बदलत बसलात तर दर गाडीचं गणित नव्याने मांडावं लागतं. त्याऐवजी चालवणाऱ्याने टर्नच्या सुरुवातीला वेग मोठ्याने सांगायचा आणि मी तो वहीत लिहायचा. “साठच्या आसपास” चालणार नाही. धडकेची वेळ आल्यावर वेग बदलता येत नाही. मग ते स्वतःच विचार करायला लागतात की ५८ ने जायचं की ६५ ने, आणि तो विचार मला खेळात हवाच आहे.

मागून धडक आणि समोरून धडक यांत मी फरक करतो. दोघं एकाच दिशेने जात असतील तर वेगांची वजाबाकी, समोरासमोर असतील तर बेरीज, आणि तो आकडा तक्त्यात बघायचा. ताशी ९० ने पळणाऱ्या कंटेनरला १०० ने मागून टेकवलं तर फरक १० चा, म्हणजे टर्नला आठेक मीटर, आणि मार बॉडीच्या निम्मा. पुस्तक हे इतकं फोडून सांगत नाही. पण हायवेवर ट्रकच्या मागे एसटी घासलेली बघितलेल्या माणसांसमोर दुसरं काही पटवून देता येत नाही.

पाठलाग

पाठलागाला मीटर मोजू नका. पुस्तकात त्यासाठी वेगळी पद्धत आहे, चार अंतरांची: क्लोज, शॉर्ट, मीडियम, लाँग. आणि रस्ता दोन जातींचा. मोकळा रस्ता असेल तर स्पीडचं लिमिट, अडचणीचा असेल तर हँडलिंगचं. हिरेबागेवाडी ओलांडून कित्तूरच्या दिशेला हायवेवर पळालात तर स्पीड. जांबोटी, कणकुंबी करत चोर्ल्यात उतरलात तर हँडलिंग. इथेच गाड्यांची किंमत कळते. हायवेवर हवेत उडणारी गाडी चोर्ल्यात दुधाच्या टेम्पोमागे रडत बसते. एका दमात किती टप्पे जवळ जायचं किंवा लांब पळायचं, याला गाडीच्या ॲक्सिलरेशनची मर्यादा आहे. ॲक्सिलरेशन १ असेल तर कितीही हिट पडू देत, टप्पा एकच.

कट मारणं आणि धडक देणं क्लोजलाच होतं. ते सोपं आहे. गोची होते ती कुणी गाडीवरून उडी मारली, किंवा ड्रोन मधेच थांबला की. तेव्हा दोन्ही पद्धती एकदम चालवायच्या भानगडीत पडू नका. जो थांबला तो पाठलागातून बाहेर. पाठलाग एक टर्न, मग थांबलेल्यांचा एक टर्न, असं आलटून पालटून घ्या. थांबलेला ड्रोन पाठलागातल्या गाडीवर गोळी झाडेल का? पुढच्या एका टर्नपुरतं हो. नंतर गाडी वळणाआड गेली असं धरायचं, घाट आहे तो.

अंतर आणि झाडी

रिमोट आणि जम्प-इन दोन्हींना नॉइज (सिग्नलमधला अडथळा) लागतो. १०० मीटरपर्यंत काही नाही. १ किलोमीटरपर्यंत १, १० किलोमीटरपर्यंत ३, १०० पर्यंत ५, त्यापुढे ८. एवढे फासे कमी होतात. मैदानात हे सोसतं. खानापूरच्या जंगलात मात्र घनदाट झाडीला दर ५ मीटरला आणखी १. भीमगडच्या बाजूला २० मीटर झाडीपलीकडे ड्रोन गेला की ४ फासे गेले. आमच्या रिगरने हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्याने पुस्तक माझ्या हातातून घेऊन स्वतः वाचलं.

यावर इलाज रिगर कमांड कन्सोलचा. त्याचं रेटिंग नॉइज कमी करायला आणि ऑटोसॉफ्ट वाटायला असं दोन भागांत वाटता येतं. गड्याला विचारा: किती इकडे, किती तिकडे? आणि चिठ्ठ्यांशेजारी लिहून ठेवा. दुसरा इलाज फुकटचा आहे. जंगलात शिरायच्या आधी नीट हुकूम द्या आणि चिठ्ठी पांढरी करा. स्वतःच्या अकलेने चालणाऱ्या ड्रोनच्या नेमाला मालकापासूनच्या अंतराचा नॉइज लागत नाही. लांबच्या कामाला ऑटोपायलट आणि चांगले ऑटोसॉफ्ट, जवळच्या खुनशी कामाला जम्प-इन, हा हिशेब गड्यांना एकदा उमगला की ते आपणहून चिठ्ठ्या बदलू लागतात.

“खऱ्या ड्रोनचं असं नसतंय”

ऊसवाल्याच्या शेतात फवारणीचा ड्रोन येतो, १० लिटरची टाकी घेऊन. त्यामुळे त्याच्याकडे प्रत्येक निकालावर अनुभवाचा दाखला असतो. वारा सुटला की उतरवावा लागतो, पावसात उडवत नाहीत, बॅटरी एवढ्यातच बसते. तो खोटं बोलत नाही. पण त्याचा ड्रोन आजचा आहे, आणि खेळातला पन्नास वर्षांनंतरचा. मी यावर एक रेघ मारली आहे. खऱ्या जगातलं ज्ञान वर्णनात हवं तेवढं घ्या: पात्यांचा आवाज, कणकुंबीच्या पावसात कॅमेऱ्यावर साचणारं पाणी, खाली उडणारा पाचोळा. फाशांवर परिणाम करायचा असेल तर तो लढाई सुरू व्हायच्या आधी मांडायचा, आणि तो दोन्ही बाजूंना लागू होणार. मग तोच म्हणतो, “नको रे बा, राहू दे.”

पुस्तकात काहीच सापडत नसेल तर मी दोन मिनिटं शोधतो. नाही मिळालं तर निकाल देतो आणि वहीच्या मागच्या पानावर एका ओळीत लिहितो. निकाल देण्याआधी एकच गोष्ट तपासायची: पुढच्या शनिवारी पहारेकऱ्यांनी हाच निकाल वापरून गड्यांची व्हॅन पाडली, तर गडी तो मान्य करतील का? करणार नसतील तर निकाल चुकीचा. त्या रात्रीपुरता निकाल पक्का, वाद चहाच्या वेळी. चहाला जो पुस्तकातलं पान काढून दाखवेल त्याचं ऐकायचं आणि वहीतली ओळ खोडायची. आमच्या वहीत खोडलेल्या ओळी भरपूर आहेत, बऱ्याचशा बँकवाल्याने खोडायला लावलेल्या.

पहिल्यांदा चालवणार असाल तर चारही रंग एका डावात आणू नका. एक व्हॅन, एक लिंक्स, दोन डोबरमन, समोर सहा पिस्तूलवाले आणि एक रायफलवाला. जागा अशी घ्या की जिथे गाडीला थांबावं लागतं, टोल नाका किंवा रेल्वे फाटक. पाठलाग पुढच्या वेळेला. आणि रिगरवाल्या गड्याला ऑटोसॉफ्टची यादी घरून लिहून आणायला सांगा. टेबलावर बसून ती करायला घेतली की बाकीचे निघून जातात.